एका रात्रीपुरती उरलेली युद्धनौका

रॉदरहॅम हे इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातलं गाव. डॉन नदीच्या काठचं, समुद्रापासून बरंच आत, कोळसा आणि पोलाद यांवर वाढलेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नौदलाच्या एका विनाशिकेचं नावही रॉदरहॅमच होतं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक इथे, जॉन ब्राउन कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली. १९४२ च्या मार्चमध्ये ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी नौदलात दाखल झाली. १९४९ मध्ये ती भारताने घेतली आणि एचएमएस रॉदरहॅमची आयएनएस राजपूत झाली. १९७६ मध्ये ती भंगारात निघाली. चौतीस वर्षांचं हे आयुष्य. त्यातली पहिली सात वर्षं ब्रिटिशांची आणि पुढची सत्तावीस आपली. पण राजपूतचं नाव काढलं की आपल्याकडे एकच रात्र सांगितली जाते. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानची रात्र, विशाखापट्टणमचा किनारा आणि पाकिस्तानची पाणबुडी गाझी.

सत्तावीस वर्षांची नोकरी एका रात्रीत कोंबली की दोन नुकसानं होतात. बाकीचे सगळे दिवस पुसले जातात. आणि ज्या रात्रीवर आपण एवढा भार टाकतो, तिचा पुरावाही हातातून निसटतो, कारण आधीच्या-नंतरच्या दिवसांच्या नोंदी सांभाळायची सवय नसलेल्यांना त्या रात्रीची नोंद तरी कुठून सांभाळता येणार? युद्धनौकेचा सेवा-इतिहास, म्हणजे ती कुठे होती, काय करत होती, कधी दुरुस्तीला गेली याची सलग आणि वरवर कंटाळवाणी वाटणारी हकिकत, ही शौर्यकथेपेक्षा कमी किमतीची गोष्ट नाही. शौर्यकथा तिच्यावरच उभी असते. ती आपण लिहिली नाही, जपली नाही आणि मागितलीही नाही. ती आता मागायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

इंदूरच्या पोलोग्राउंडमध्ये बसून हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. होळकरांच्या काळातल्या खेळाचं नाव मिरवणारा हा भाग आज कारखान्यांच्या शेडचा, मालवाहू टेम्पोंचा आणि वीज वितरण कंपनीच्या मुख्यालयाचा आहे. जवळचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण रॉदरहॅम गावालाही समुद्र नव्हता. युद्धनौका समुद्रावर चालते, बनते मात्र जमिनीवर, आणि तिचा पैसा येतो तो समुद्र न पाहिलेल्या माणसांच्या करातून. स्वातंत्र्यापूर्वीच्या रॉयल इंडियन नेव्हीत तर मालवा याच नावाचं एक सुरुंगशोधक जहाज होतं आणि फाळणीनंतर ते पाकिस्तानच्या वाट्याला गेलं. आपल्या प्रदेशाचं नाव घेऊन एक जहाज महायुद्धात वावरलं, हे आज मालव्यात किती जणांना ठाऊक आहे? समुद्र लांब आहे म्हणून समुद्राचा इतिहास परका ठरत नाही.

पोलोग्राउंडच्या माणसाला या जहाजाचं पोट तर किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा लवकर कळेल. रॉदरहॅम 'आर' वर्गातली विनाशिका होती. लांबी सुमारे ३५८ फूट, वजन साधारण १,७०० टन. आत तीन ड्रमचे दोन बॉयलर. त्यांच्या वाफेवर टर्बाइन फिरायचे, दोन पंख्यांना मिळून चाळीस हजार अश्वशक्ती मिळायची आणि जहाज ३६ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६७ किलोमीटर वेगाने धावायचं. ४.७ इंची चार तोफा, टॉर्पेडोच्या आठ नळ्या, पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज आणि या सगळ्याच्या फटीफटींत दोनशेवर माणसं.

या वर्गाच्या रचनेतला एक बदल मला फार बोलका वाटतो. त्याआधीच्या विनाशिकांमध्ये अधिकाऱ्यांच्या खोल्या परंपरेने पार मागच्या टोकाला असत. जहाज चालवण्याची जागा पुढे. वादळात अधिकाऱ्याला पहाऱ्यावर जायचं म्हणजे लाटांनी धुतल्या जाणाऱ्या उघड्या डेकवरून जीव मुठीत धरून पुढे यायचं. 'आर' वर्गात या खोल्या मध्यभागी आणल्या. लढाईच्या वर्णनात असा तपशील कधी येत नाही. पण ओल्या डेकवरून किती माणसं किती रात्री ये-जा करत होती, हे कुणीतरी नोंदवलं असणार, कुणीतरी वाचलं असणार आणि कुणीतरी त्यावरून नकाशा बदलला असणार. रोजच्या नोंदीतून पुढच्या जहाजातल्या माणसांचे जीव वाचतात, ते असे.

पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्याच्या बॉयलर रूममध्ये मी असंच एक रजिस्टर पाहिलं आहे. रेघा मारलेली पानं, कोपरे तेलकट झालेले. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी, फीड पंप चालू की बंद, ब्लोडाऊन कधी दिलं आणि शिफ्टच्या शेवटी अटेंडंटची सही. बहुतेक ओळी सारख्याच, कारण बहुतेक तास सारखेच जातात. पण काही बिघडलं, तपासणीला अधिकारी आला, की पहिला हात त्या रजिस्टरवर पडतो. आज काय घडलं ते कळायला काल आणि परवा काय घडत होतं ते हाताशी असावं लागतं. जहाजाचं लॉगबुक याच जातीचं. चार-चार तासांचा पहारा, संध्याकाळी दोन-दोन तासांचे दोन छोटे पहारे, आणि प्रत्येक पहाऱ्याची नोंद: दिशा, वेग, वारा, हवेचा दाब, समुद्राची स्थिती. शेवटी सही. त्या सहीमुळे लिहिणारा त्या ओळींना बांधला जातो.

रॉदरहॅमची ब्रिटिश नोकरी बहुतांशी आपल्याच समुद्रात झाली. ती हिंदी महासागरातल्या ईस्टर्न फ्लीटमध्ये होती. १९ एप्रिल १९४४ रोजी सुमात्राच्या टोकाला असलेल्या साबांग बंदरावर दोस्तांच्या विमानांनी हल्ला केला. ब्रिटिश इलस्ट्रियस आणि अमेरिकन सॅराटोगा या विमानवाहू जहाजांच्या त्या मोहिमेत रॉदरहॅमही होती. सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून परत घेतला गेला, तेव्हाही ती तिथे होती. या दोन ठळक प्रसंगांच्या मधले महिने ताफ्यांना सोबत करणं, पाणबुड्यांचा माग काढणं, इंधन भरणं, बॉयलर साफ करणं आणि पुन्हा बाहेर पडणं यांत गेले. विनाशिकेचं मुख्य काम हेच. मोठ्या जहाजाला काही होऊ द्यायचं नाही. काही झालं नाही, म्हणजे काम चोख झालं. आणि ज्या दिवशी काही होत नाही, तो दिवस फक्त लॉगबुकातच उरतो.

ब्रिटिशांकडे असे इतिहास लिहिण्याची परंपरा आहे. एकेका जहाजाची महिनावार हकिकत तिथे मिळते: अमुक महिन्यात अमुक ताफ्याबरोबर, पुढच्या महिन्यात गोदीत, मग सराव. वाचायला रुक्ष. युद्धकाळातल्या लहान जहाजांची सगळी लॉगबुकं तिथेही टिकलेली नाहीत. पण नौदलाचे कागद ठरावीक वर्षांनी राष्ट्रीय अभिलेखागारात येतात आणि कुणाही नागरिकाला पाहता येतात, एवढी खात्री तिथे आहे. १९५८ च्या कायद्याने पन्नास वर्षांची मुदत ठेवली होती. ती १९६७ मध्ये तीस वर्षांवर आणली आणि पुढे वीस वर्षांकडे नेली. आज आपण रॉदरहॅमबद्दल जे सांगू शकतो, ते या सवयीमुळे. राजपूतच्या सत्तावीस वर्षांबद्दल तितकं सांगता येत नाही, ते ही सवय आपण न लावल्यामुळे.

ती सत्तावीस वर्षं रिकामी मात्र नव्हती. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या तलवार या नाविक केंद्रात खलाशांनी बंड पुकारलं होतं. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्य आलं आणि फाळणीत नौदलाचीही वाटणी झाली. हाती उरली ती छोटी जहाजं. अशा वेळी १९४८ मध्ये ब्रिटनकडून अकिलीस ही क्रूझर आली, तिची दिल्ली झाली. पाठोपाठ १९४९ मध्ये तीन विनाशिका आल्या: रॉदरहॅमची राजपूत, रिडाउटची रणजित, रेडरची राणा. त्या वेळी भारतीय नौदलाचे प्रमुख होते ॲडमिरल एडवर्ड पॅरी. १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत जर्मन ग्राफ श्पेशी झुंजणाऱ्या अकिलीसचे कप्तान हेच पॅरी. नौदलप्रमुखपदी पहिले भारतीय, रामदास कटारी, आले ते १९५८ मध्ये. या दरम्यान भारतीय खलाशी आणि अधिकारी जहाजांचा ताफा म्हणून एकत्र वावरायला शिकले, ते या जुन्या ब्रिटिश विनाशिकांवर. रात्री दिवे मालवून रांग धरून चालणं, समुद्रात चालत्या जहाजाकडून इंधन घेणं, पाण्याखालच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडी ओळखणं, हे धडे वर्गात बसून गिरवता येत नाहीत.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, तेव्हा भारतीय ताफ्याचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. मराठी माणूस, पुढे १९६२ ते १९६६ नौदलप्रमुख. त्या मोहिमेत विक्रांत या विमानवाहू नौकेसोबतच्या जहाजांत राजपूत होती. गोव्याचा तो इतिहास आपल्याला अंजदीव बेटावर पडलेल्या सात नौसैनिकांमुळे आठवतो, आणि आठवायलाच हवा. पण खुल्या समुद्रात विक्रांतभोवती फेऱ्या घालत राहिलेल्या जहाजांवर त्या दिवसांत काय चाललं होतं, हे मराठीत कुठे वाचायला मिळतं? गोव्याशी आपलं नातं इतकं जवळचं, तरी ती बाजू कोरीच आहे.

आता ती रात्र.

१९७१ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी कराचीहून निघाली, वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे. मूळची ही अमेरिकेची डायब्लो, १९६४ मध्ये पाकिस्तानकडे आलेली. तेवढ्या लांब जाऊन लढू शकेल अशी त्यांची ती एकच पाणबुडी होती आणि तिचं सावज होतं विक्रांत. पूर्व नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी विक्रांतला अंदमानच्या बाजूला एका आडोशाच्या ठिकाणी धाडलं आणि विक्रांत विशाखापट्टणमच्या आसपास आहे असा देखावा उभा केला. आपल्या आठवणींत त्यांनी तो तपशिलाने सांगितला आहे. मोठ्या जहाजाला लागेल एवढ्या शिध्याची मागणी ठेकेदारांकडे नोंदवली गेली. विक्रांतवरच्या एका खलाशाने आईच्या प्रकृतीची चौकशी करावी, अशी साधी, घरगुती तार मुद्दाम बिनसुरक्षित मार्गाने पाठवली गेली. आणि राजपूतला सांगण्यात आलं की समुद्रात जाऊन बिनतारी संदेशांची एवढी वर्दळ ठेवायची की ऐकणाऱ्याला ती विक्रांतच वाटावी. एकोणतीस वर्षांची म्हातारी विनाशिका विमानवाहू नौकेचं सोंग वठवत होती.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेच्या तळांवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. त्या रात्री उशिरा लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हाताखाली राजपूत विशाखापट्टणमच्या अरुंद खाडीतून बाहेर निघाली. भारतीय हकिकतीनुसार वाट दाखवणारा पायलट उतरल्यावर पुढे काही अंतरावर पाणी ढवळलेलं दिसलं. पाणबुडी बुडी मारते आहे असं धरून कप्तानाने वेग वाढवला आणि त्या जागी दोन डेप्थ चार्ज टाकले. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकाने भरलेलं पिंप. ठरवलेल्या खोलीवर पाण्याचा दाब पुरेसा झाला की ते फुटतं. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आपल्याच जहाजाला दणका बसण्याचा धोका असतो. काही दिसलं नाही म्हणून राजपूत आपल्या कामाला पुढे गेली. मध्यरात्र उलटल्यावर एक प्रचंड स्फोट झाला आणि त्याचा हादरा विशाखापट्टणम शहरात जाणवला. नंतर मच्छीमारांना तेलाचा तवंग आणि तरंगणाऱ्या वस्तू सापडल्या. गोताखोरांनी खाली जाऊन पाहिलं. गाझी तळाला पडली होती. तिच्यावरचे सगळे, त्र्याण्णव जण, गेले होते.

गाझी राजपूतच्या डेप्थ चार्जने बुडाली का? पाकिस्तानची भूमिका अशी की ती स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने बुडाली. आपल्याकडे बराच काळ राजपूतचं श्रेय निर्विवाद मानलं गेलं. पण व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांनी लिहिलेल्या नौदलाच्या इतिहासात एकाहून जास्त शक्यता मांडल्या आहेत. लष्कराच्या पूर्व कमांडचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जे. एफ. आर. जेकब यांनी तर पुढे जाहीरपणे वेगळीच आठवण सांगितली. राजपूतने चार्ज टाकल्याची वेळ, जागा आणि स्फोटाची वेळ या तीन गोष्टी एकमेकींना भिडवल्या की बराच उलगडा होऊ शकला असता. त्यासाठी त्या रात्रीचे मूळ कागद हवेत. २०१० मध्ये वर्तमानपत्रांतून बातमी आली की गाझीविषयीची नौदलाची कागदपत्रं नष्ट केली गेली आहेत.

ही बातमी वाचून मला आधी राग आला. मग प्रश्न पडला, की राग येणाऱ्यांची संख्या एवढी कमी का? मला वाटतं, त्याचं कारण आपल्या आठवण्याच्या पद्धतीत आहे. गोष्ट तोंडपाठ आहे, मग कागद कशाला, असं आपल्याला मनातून वाटतं. पण तोंडपाठ गोष्टीला समोरच्याच्या तोंडपाठ गोष्टीपुढे काही वजन नसतं. आपण म्हणतो आम्ही बुडवली, ते म्हणतात अपघात झाला, आणि तिसऱ्या माणसापुढे दोन्ही विधानं सारखीच. आपल्या नौसैनिकांच्या पराक्रमावर शंका घ्यायला शत्रूची गरज उरत नाही. कागद जाळणारा हात ते काम करून मोकळा होतो.

त्यातही मोठी खंत वेगळीच आहे. त्या रात्रीचं खरं यश स्फोटाच्या कारणावर अवलंबूनच नाही. गाझी विशाखापट्टणमच्या दारात का आली? विक्रांत तिथे आहे असं तिला वाटलं म्हणून. तिला तसं वाटावं ही योजना कृष्णन यांची आणि ती निभावणं राजपूतच्या खलाशांचं. स्फोट डेप्थ चार्जने झाला असो की सुरुंगाने, पाणबुडी भलत्या ठिकाणी खेचली गेली आणि विक्रांत मोकळी राहिली. पुढच्या दिवसांत विक्रांतच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानची बंदरं आणि तळ खिळखिळे केले, ते त्यामुळे. हे यश वादाच्या पलीकडचं आहे. ते कमावलं बिनतारी खोलीत बसून तास-तास खोटे संदेश पाठवणाऱ्या माणसांनी, आणि अंधाऱ्या खाडीतून पाणबुडीच्या भीतीखाली जहाज बाहेर काढणाऱ्या माणसांनी. आपण मात्र सगळं श्रेय दोन पिंपांवर ठेवलं, आणि पिंपांबद्दल वाद निघाला तेव्हा आपल्या हातात काही उरलं नाही.

अशा नोंदी जपा आणि खुल्या करा म्हटलं की तीन आक्षेप येतात. तिन्ही मनापासूनचे असतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप गुप्ततेचा: युद्धाचे कागद उघड केले तर शत्रूला फायदा. काही काळ हे खरं आहे. चालू सांकेतिक पद्धती, पाण्याखालच्या यंत्रांची क्षमता, माहिती देणाऱ्यांची नावं झाकून ठेवावीतच. पण राजपूत १९७६ मध्ये तोडली गेली. तिच्या तोफा, तिची यंत्रं, तिचे डावपेच आज कुणाच्या उपयोगाचे? आणि झाकून ठेवणं वेगळं, नष्ट करणं वेगळं. झाकलेला कागद पन्नास वर्षांनी उघडता येतो, जळालेला नाही. सरकारनेही हे तत्त्व मान्य केलं आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये धोरण जाहीर केलं, त्यात युद्धांचे इतिहास पाच वर्षांत तयार करावेत आणि कागद साधारण पंचवीस वर्षांनी खुले व्हावेत असं म्हटलं आहे. त्याआधीचा अनुभव काय होता? १९७१ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास १९९२ मध्ये लिहून तयार होता. लोकांना तो वाचायला मिळाला २००० मध्ये, एका इंग्रजी वर्तमानपत्राने संकेतस्थळावर टाकला तेव्हा. धोरण चांगलं आहे. ते पाळलं जातंय का, हे विचारत राहणं हे आपलं काम आहे.

दुसरा आक्षेप मनोधैर्याचा: अशा खोदकामाने सैनिकांचा अपमान होतो, लोकांचा अभिमान डळमळतो. या आक्षेपाला मराठी माणसाने तरी बळी पडू नये. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो कोणत्या काळाचा? १७५० ते १७६१, म्हणजे पानिपतापर्यंतचा. आपल्या सर्वांत मोठ्या पराभवाच्या वाटेवरची पत्रं त्यांनी गावोगावच्या दप्तरांतून शोधून आधी छापली. पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी पानिपतावर निर्भीडपणे लिहिलं, सेनापतींच्या चुकाही मांडल्या. त्याने सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव यांच्याबद्दलची आपली माया तसूभर कमी झाली नाही. उलट कुठे रसद तुटली, कुणी कोणता निर्णय का घेतला, हे कळल्यावर त्या माणसांची धडपड जास्त जवळून दिसली. सत्याने मोडून पडेल असा अभिमान सैनिकांच्या कामाचा नसतो. इंदूरला तर हे सांगायलाच नको. 'होळकरशाहीच्या इतिहासाची साधने' याच शहरातून प्रसिद्ध झाली. होळकरांची पत्रं वाचून, लावून, छापून ठेवण्याचं काम या गावातल्या मराठी माणसांनी केलं. घोडदळाच्या काळातल्या रसदीचे हिशोब आपण जपले, तर वाफेच्या जहाजांच्या काळातले का जपू नयेत?

तिसरा आक्षेप अंतराचा: आम्ही जमिनीवरची माणसं, समुद्राचं समुद्रवाले बघतील. याला उत्तर म्हणून व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद अवटी यांचं आयुष्य पुरे आहे. १९७१ मध्ये ते पूर्वेच्या समुद्रात आयएनएस कामोर्टाचे कप्तान होते आणि त्यांना वीर चक्र मिळालं. १९७८ मध्ये त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी उभी केली. निवृत्तीनंतर ते राहिले फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला, साताऱ्याच्या कमी पावसाच्या मुलखात. तिथे बसून त्यांनी भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला, आणि २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी म्हादेई या होडीतून ती पूर्ण केली. समुद्राचा विचार करायला दारात समुद्र लागत नाही, हे त्या माळरानावरच्या घराने दाखवून दिलं.

वस्तू जपण्याचं काय झालं, तेही पाहू. गाझी जिच्या शोधात आली ती विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत तिचं संग्रहालय झालं आणि हजारो मराठी मुलांनी तिच्या डेकवर पाय ठेवला. पुढे धोकादायक ठरवून ते २०१२ मध्ये बंद झालं. वाचवायच्या मागण्या झाल्या, न्यायालयात अर्ज झाले, आणि शेवटी २०१४ मध्ये ती लिलावात जाऊन मुंबईतच तुटली. तिच्या पोलादाचा अंश घेऊन मोटरसायकल बाजारात आली, लोकांनी ती आवडीने घेतली. जहाज जपणं खर्चाचं काम आहे. गंज थांबत नाही, तळ दुरुस्त करावा लागतो, गोदीची जागा महाग. म्हणून प्रत्येक जहाज जपता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण लॉगबुकाला गोदी लागत नाही. एक कोरडी खोली, चांगला स्कॅनर आणि जबाबदार माणूस एवढ्यावर ते शंभर वर्षं टिकतं. वस्तू गेल्याचं दुःख आपण जाहीरपणे केलं. कागद गेल्याचं दुःख कुणी केलं नाही, आणि कागद जाणं तर टाळता येण्यासारखं होतं.

मग करायचं काय? नौदलाकडे उरलेली जुन्या जहाजांची लॉगबुकं, दुरुस्तीची रजिस्टरं, कप्तानांचे अहवाल यांची यादी आधी प्रसिद्ध व्हावी. काय आहे आणि काय गेलं हे कळणं ही पहिली पायरी. त्यानंतर रॉदरहॅम-राजपूतसारख्या प्रत्येक जहाजाचा, बांधणीपासून तोडणीपर्यंतचा, साधा तारीखवार इतिहास लिहिला जावा. तो मराठीतही यावा, कारण या जहाजांवर कोकणातल्या आणि देशावरच्या पोरांनी आयुष्यं घालवली आणि त्यांच्या नातवंडांना तो वाचता आला पाहिजे. १९७१ मध्ये विशीत असलेले खलाशी आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला फार वर्षं उरलेली नाहीत. सैन्यातून, नौदलातून निवृत्त होऊन मालव्यात स्थिरावलेली माणसं आहेत. त्यांच्या घरात बदलीचे आदेश, फोटो, आईला लिहिलेली पत्रं ट्रंकेत पडून असतील. इंदूरच्या मराठी संस्थांनी व्याख्यानमालांसोबत हेही काम अंगावर घ्यावं. ज्या शहराने होळकरांची दप्तरं लावली, त्याला हे जड जाणार नाही.

आणि हा इतिहास लिहिताना समोरच्या बाजूची माणसंही त्यात असावीत. गाझीवरचे त्र्याण्णव जणही हुकमाचे ताबेदार होते आणि त्यांच्याही घरी कुणी वाट पाहत होतं. गाझीचे अवशेष आपल्या नौदलाच्या खोल पाण्यातल्या बचावयानाने शोधल्याची बातमी २०२४ मध्ये आली. मृतांचा मान राखून त्यांना हात लावला नाही, असं त्या बातमीत होतं. शत्रूच्या मृतांना एवढा मान देणारं नौदल स्वतःच्या जिवंत माणसांच्या कामाच्या नोंदी जपण्यात कमी पडू नये.

राजपूत हे नाव पुढे दुसऱ्या एका विनाशिकेला मिळालं. सोव्हिएत बनावटीची ती नौका १९८० ते २०२१ अशी एकेचाळीस वर्षं चालली आणि ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या चाचण्या तिच्यावरून झाल्या. तिच्यावरची माणसं अजून आपल्यात आहेत, तिचे कागद अजून ताजे आहेत. पहिल्या राजपूतच्या बाबतीत जे हातचं गेलं, ते दुसऱ्या राजपूतच्या बाबतीत वाचवता येईल. त्यासाठी आपण नागरिकांनी नौदलाकडे विजयाच्या रात्रीबरोबर सगळ्या दिवसांचा हिशोब मागायला हवा. तो मागण्याचा हक्क किनाऱ्यावरच्या माणसाइतकाच पोलोग्राउंडमध्ये कर भरणाऱ्या माणसाचा आहे, कारण जहाज त्याच्याही पैशांचं आहे आणि त्यावर गेलेली पोरं त्याच्याही देशाची आहेत.